व्हिडिओ रेंडर करताना बाहेरचा ऑडिओ एन्कोडर: केव्हा वापरावा, आणि सांधा कसा जुळवावा

प्रश्न असा आहे. तासाभराचा व्हिडिओ आहे, त्यात बोलणं, संगीत आणि बऱ्याच टाळ्या आहेत. एडिटिंग सॉफ्टवेअरमधून १२८ केबीपीएस एएसी ऑडिओ लावून (एएसी हा आवाज दाबून साठवण्याचा प्रकार, आणि केबीपीएस म्हणजे सेकंदाला किती हजार बिट खर्चायचे तो बिटरेट) रेंडर केला, म्हणजे अंतिम फाइल काढली, तर टाळ्या खरखरीत आणि चुरगळल्यासारख्या ऐकू येतात. सल्ला मिळाला की सॉफ्टवेअरमधला एन्कोडर, म्हणजे आवाज दाबणारा भाग, सोडा, बाहेरचा वापरा. तसं केल्यावर आवाज सुधारला, पण ओठ आणि शब्द जुळेनासे झाले. मग बाहेरचा एन्कोडर थेट रेंडरमध्येच जोडता येतो का, आणि एवढी खटपट करण्याजोगा फरक पडतो का?

जोडता येतो. फरकही पडतो, पण मुख्यतः कमी बिटरेटला. ओठ न जुळण्याचं कारण बहुतेक वेळा एन्कोडरमध्ये नसून आवाज आणि चित्र पुन्हा एकत्र करताना जो सांधा बसतो त्यात असतं. म्हणून या उत्तराचा मोठा भाग मी त्या सांध्यालाच देणार आहे.

त्याआधी एक साधी गोष्ट करून बघा. बिटरेट १२८ वरून २५६ करा आणि तोच टाळ्यांचा तुकडा पुन्हा ऐका. तासाभराच्या व्हिडिओत १२८ केबीपीएस जास्तीचे म्हणजे जेमतेम ५८ एमबी. चित्र ८ एमबीपीएसला असेल तर तेवढ्याच तासाला ३.६ जीबी लागतात. चित्रावर एवढी जागा खर्चून आवाजाच्या बाबतीत हात आखडता घेण्यात काहीच फायदा नाही. २५६ केबीपीएस स्टिरिओला आजचे बहुतेक एएसी एन्कोडर इतके चांगले आहेत की कोणता कुठला हे मला डोळे मिटून ऐकताना खात्रीने सांगता येत नाही. तुमची तक्रार इथेच मिटली तर पुढचं सगळं केवळ माहितीसाठी वाचा.

तरीही एन्कोडरांमध्ये फरक का असतो, हे समजून घेण्यासारखं आहे. एएसीचं प्रमाणक डिकोडरने काय करायचं ते काटेकोर ठरवतं. एन्कोडरने कोणता तपशील ठेवायचा आणि कोणता टाकायचा, हे मात्र बनवणाऱ्यावर सोपवलेलं आहे. एएसी आवाजाचे १०२४ सॅम्पलचे (सॅम्पल म्हणजे आवाजाचं एकेक मोजमाप) तुकडे करून काम करतो. टाळीसारखा आवाज एकदम येतो आणि लगेच संपतो. तो मोठ्या तुकड्यात पकडला की त्याची खरखर त्या संपूर्ण तुकड्यात पसरते, अगदी टाळी वाजण्याच्या आधीच्या शांततेतसुद्धा. हे टाळायला एन्कोडर तिथे १२८ सॅम्पलचे आठ छोटे तुकडे वापरू शकतो. कधी छोट्या तुकड्यांवर जायचं आणि कधी परत मोठ्यावर यायचं, हा निर्णय चांगला एन्कोडर अचूक घेतो आणि सुमार एन्कोडर चुकवतो. शेकडो माणसांच्या टाळ्या म्हणजे असे शेकडो निर्णय एका सेकंदात. म्हणूनच टाळ्या, पावसाची सर, चुरगळणारा कागद यांवर एन्कोडरची परीक्षा होते, आणि माणसाच्या एकट्या आवाजावर सगळेच पास होतात. तुम्ही नेमका टाळ्यांचा उल्लेख केलात, त्यावरून तुमचे कान बरोबर जागी लागलेत हे कळतं.

आता तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये कोणता एन्कोडर आहे ते ओळखा. बहुतेक एडिटिंग सॉफ्टवेअर स्वतःचा ऑडिओ एन्कोडर लिहीत नाहीत, कुठून तरी घेतात. विंडोजवर एएसीच्या यादीत ९६, १२८, १६० आणि १९२ एवढेच बिटरेट दिसत असतील आणि १९२ च्या पुढे काही नसेल, तर तो जवळजवळ नक्की विंडोजचा स्वतःचा मीडिया फाउंडेशन एन्कोडर आहे, कारण स्टिरिओसाठी त्याच्या याच चार पायऱ्या आहेत. तिथे २५६ चा पर्यायच मिळत नाही, आणि बाहेरचा एन्कोडर शोधण्याचं हे अगदी रास्त कारण आहे.

केडेनलाइव्ह आणि शॉटकट ही दोन्ही एडिटिंग सॉफ्टवेअर एमएलटी नावाच्या पायावर उभी आहेत आणि रेंडरसाठी एफएफएमपेग या आवाज-चित्र एन्कोड करणाऱ्या खुल्या साधनाच्या लायब्ररी वापरतात. एफएफएमपेगच्या स्वतःच्या एएसी एन्कोडरबद्दल जे वाईट लिहिलेलं सापडतं, त्यातलं बरंचसं जुनं आहे. २०१५ च्या शेवटापर्यंत तो प्रायोगिक गणला जात होता आणि तेव्हा तो खरंच कच्चा होता. फेब्रुवारी २०१६ मध्ये आलेल्या ३.० आवृत्तीपासून तो शिक्का निघाला. आज १९२ च्या वर तो वापरायला मला काहीच संकोच वाटत नाही. १२८ आणि त्याखाली मात्र मी दुसरा निवडते.

दुसरा म्हणजे दोनांपैकी एक. पहिला फ्राउनहोफर संस्थेचा एफडीके, जो २०१२ मध्ये अँड्रॉइडच्या सोर्सबरोबर खुला झाला. त्याचा परवाना जीपीएल या खुल्या सॉफ्टवेअरच्या परवान्याशी जुळत नाही, म्हणून एफएफएमपेगच्या तयार मिळणाऱ्या आवृत्त्यांमध्ये तो सहसा नसतो. केडेनलाइव्हच्या रेंडर प्रोफाइलमध्ये ऑडिओ कोडेकच्या जागी 'लिब एफडीके एएसी' लिहिलं आणि रेंडर सुरू होताच बंद पडला, किंवा बिनआवाजाची फाइल हाती आली, तर कारण हेच: तुमच्या मशीनवरच्या एफएफएमपेगमध्ये ती लायब्ररी जोडलेलीच नाही. एडिटरमध्ये कितीही सेटिंग बदलून ती येणार नाही. एफएफएमपेग स्वतः बांधावा लागेल, किंवा एफडीकेची वेगळी कमांड लाइन आवृत्ती घेऊन बाहेर काम करावं लागेल. एफडीकेची एक सवय लक्षात ठेवा. त्याच्या ठरीव सेटिंगवर तो वरच्या फ्रिक्वेन्सी बऱ्याच खालपासून कापतो. टाळ्या मंद वाटल्या तर कटऑफ, म्हणजे ही कापण्याची सीमा, १८ किलोहर्ट्‌झपर्यंत वाढवून बघा, पण त्यासाठी बिटरेट तेवढा हवा. नाहीतर वरच्या पट्टीला दिलेले बिट खालच्या पट्टीतून कापले जातात.

दुसरा अॅपलचा कोअर ऑडिओ एन्कोडर. एएसीसाठी माझी पहिली पसंती हाच. मॅक असेल तर बाहेर जाण्याची फारशी गरजच नाही, कारण मॅकवरच्या एफएफएमपेगला हा एन्कोडर 'एएसी एटी' या नावाने थेट वापरता येतो, आणि प्रणालीबरोबर येणारी 'एएफकन्व्हर्ट' ही आज्ञाही आहे. विंडोजवर तोच एन्कोडर चालवणारं छोटं कमांड लाइन साधन म्हणजे 'क्यूएएसी'. त्याला अॅपलच्या लायब्ररी लागतात. गुणवत्तेचा आकडा ० ते १२७ असा देता येतो. ९१ ला स्टिरिओ साधारण १९२ केबीपीएसच्या आसपास जातो, १२७ ला ३२० च्या आसपास. मी बहुतेक कामांना १०९ ठेवते आणि पुढे विचार करत नाही.

ऑपस या दुसऱ्या ऑडिओ प्रकाराचं काय? तो २०१२ मध्ये प्रमाणित झाला, आणि १२८ ला तो एएसीपेक्षा टाळ्या जास्त नीट सांभाळतो असं माझं मत आहे. वेबएम किंवा एमकेव्हीमध्ये देणार असाल तर निःशंक वापरा. एमपी४ मध्येही तो बसवता येतो, पण घरातले जुने टीव्ही आणि बरेच एडिटर ती फाइल उघडल्यावर चित्र दाखवतात आणि गप्प बसतात. फाइल कुणाकडे जाणार हे माहीत नसेल तर एमपी४ मध्ये एएसीच ठेवा.

बाहेरचा एन्कोडर रेंडरमध्येच जोडण्याची पद्धत जुनी आहे. व्हीसीडी आणि डीव्हीडीच्या काळात टीएमपीजीएन्कसारख्या सॉफ्टवेअरमध्ये बाहेरच्या ऑडिओ एन्कोडरचा पत्ता देण्याची सोयच होती, आणि लोक तिथे टूलेम नावाचा एन्कोडर बसवायचे. आज तेच काम प्लगइन करतात. प्रीमियर, व्हेगास आणि रिझॉल्व्हसाठी वूकोडर नावाचा पूल मिळतो. तो टाइमलाइनवरचं चित्र आणि आवाज एडिटरकडून घेऊन सरळ एफएफएमपेगच्या एन्कोडरांना देतो. यात सांधा आपोआप बसतो, हा मोठा फायदा. मर्यादा अशी की त्या पुलात जे एन्कोडर बांधलेले आहेत तेवढेच मिळतात.

आणखी एक वाट पाइपची. एडिटर किंवा फ्रेमसर्व्हर (फाइल न बनवता चित्र-आवाज पुढच्या साधनाला देणारं साधन) आवाज सोडत राहतो आणि एन्कोडर तो जसा येईल तसा घेत राहतो. इथे एक अडचण हमखास येते. वेव्ह, म्हणजे न दाबलेल्या आवाजाच्या, फाइलच्या सुरुवातीला एकूण लांबी लिहिलेली असते, पण पाइप सुरू होताना ती कुणालाच माहीत नसते. तिथे शून्य किंवा भलतंच मोठं काहीतरी लिहिलं जातं. एन्कोडरने त्यावर विश्वास ठेवला की तो लगेच थांबतो किंवा शेवटी चूक दाखवतो. क्यूएएसी, एफडीकेचं कमांड लाइन साधन आणि ऑपसचा एन्कोडर ऑपसेन्क या तिघांतही 'इग्नोर लेंग्थ' हा पर्याय यासाठीच आहे. पाइप वापरणार असाल तर तो न विसरता लावा.

मी स्वतः मात्र तिसरी वाट धरते: एडिटरमधून चित्र आणि वेव्ह वेगळे काढायचे, वेव्ह बाहेर एन्कोड करायची, आणि शेवटी दोन्ही एकत्र करायचे. याला दोन पायऱ्या जास्त लागतात, पण त्याबदल्यात जे मिळतं ते मला एन्कोडरच्या गुणवत्तेपेक्षाही मोलाचं वाटतं. चित्राचा रेंडर तीन तास चालतो. आवाजाचा तीन मिनिटांत होतो. एखादा शब्द खाली-वर करायचा राहिला, संगीत जरा मोठं झालं, बिटरेट बदलायचा ठरला, तर चित्राला हात न लावता फक्त आवाज पुन्हा काढता येतो. एकाच चित्राला दोन भाषांचे आवाज लावायचे असतील तर याशिवाय दुसरी कोणतीच वाट परवडत नाही.

आता वेव्ह काढताना काय पाहायचं ते सांगते. सॅम्पल रेट ४८ किलोहर्ट्‌झ ठेवा, २४ बिट. प्रोजेक्ट ४८ चा असेल तर एक्स्पोर्ट ४४.१ ला करू नका. रूपांतर करायचंच असेल तर ते एकदाच आणि कुठे होतंय हे माहीत असू द्या. चित्र आणि आवाज दोन्हींसाठी टाइमलाइनची तीच सुरुवात आणि तोच शेवट निवडा. काही एडिटर फक्त आवाज काढताना पहिल्या ऑडिओ क्लिपपासून सुरुवात करतात. तुमच्या व्हिडिओच्या सुरुवातीला सहा सेकंद शांत शीर्षक असेल तर वेव्ह सहा सेकंदांनी लहान निघते आणि आवाज सहा सेकंद आधी येतो. ही चूक मोठी असल्याने निदान लगेच दिसते तरी.

न दिसणारी चूक लांबीची. साध्या वेव्ह फाइलमध्ये आकार ३२ बिटमध्ये लिहिला जातो, म्हणून तिची कमाल मर्यादा ४ जीबी. ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट, स्टिरिओ या हिशोबाने ती ४ तास ८ मिनिटांवर भरते. ५.१ ला, म्हणजे सहा वाहिन्यांना, तर १ तास २२ मिनिटांवरच. एकदा माझ्याकडे साडेपाच तासांच्या परिषदेचं काम होतं. एडिटरने वेव्ह बिनतक्रार लिहिली, पण सुरुवातीच्या नोंदीतला आकडा ४ जीबीच्या पुढे गेल्यावर शून्यापासून पुन्हा मोजला गेला. एन्कोडरने त्या आकड्यावर विश्वास ठेवून १ तास २१ मिनिटांचा आवाज एन्कोड केला आणि काम पूर्ण झाल्याचं सांगितलं. मी पहिली दहा मिनिटं तपासली आणि फाइल पाठवून दिली. पुढचे चार तास मूकपट होता, आणि ज्यांनी तो पाहिला त्यांना मी काय उत्तर द्यावं हे मला कळेना. तेव्हापासून लांब कामाला मी आरएफ६४ किंवा डब्ल्यू६४ ही मोठ्या आकारासाठीची वेव्हची रूपं निवडते, आणि एडिटरमध्ये ते नसेल तर फ्लॅक काढते. फ्लॅकमध्ये काहीही गमावलं जात नाही आणि ही मर्यादाही आड येत नाही.

पातळीबद्दल एक गोष्ट. कॉम्प्रेस केलेला आवाज परत उलगडला की त्याची शिखरं मूळ वेव्हपेक्षा थोडी वर जाऊ शकतात. वेव्ह अगदी ० डेसिबलला टेकवलेली असेल तर उलगडताना ती कापली जाते आणि तीच खरखर परत येते जिच्यासाठी तुम्ही हा सगळा खटाटोप मांडलात. शेवटच्या बसवर (सगळा आवाज एकत्र येतो तिथे) शिखरं दाबणारा लिमिटर लावून ट्रू पीक, म्हणजे आवाजाचं खरं शिखर, उणे १ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. कमी बिटरेट असेल तर मी उणे १.५ ठेवते. तुमच्या टाळ्यांची खरखर निदान अंशतः इथून आलेली असू शकते, म्हणून मूळ वेव्हमधल्या टाळ्यांची शिखरं आधी पाहून घ्या.

आता सांधा.

प्रत्येक एएसी एन्कोडर आवाजाच्या आधी थोडी भर घालतो. त्याच्या गणिताला आधीचा तुकडा लागतो, आणि पहिल्या तुकड्याच्या आधी काहीच नसतं, म्हणून तिथे शांतता भरली जाते. अॅपलचा एन्कोडर २११२ सॅम्पल भरतो, म्हणजे ४८ किलोहर्ट्‌झला ४४ मिलिसेकंद. एफएफएमपेगचा स्वतःचा १०२४, म्हणजे साधारण २१ मिलिसेकंद. २५ फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची असते, तेव्हा अॅपलचा आवाज चित्रामागे एका फ्रेमपेक्षा जास्त पडतो. हे लपवण्याची सोय आहे. एम४ए फाइलमध्ये 'सुरुवातीचे एवढे सॅम्पल वाजवू नका' अशी नोंद असते, आणि एमपी४ मध्ये तेच काम एडिट लिस्ट करते. नुसत्या डॉट एएसी फाइलमध्ये मात्र अशी नोंद ठेवायला जागाच नाही. तुम्ही एन्कोडरकडून डॉट एएसी घेतली आणि ती व्हिडिओत जोडली, तर ते ४४ मिलिसेकंद कायमचे आत बसले.

म्हणून पहिला नियम: बाहेरच्या एन्कोडरकडून एम४ए घ्या, डॉट एएसी घेऊ नका. निम्म्या तक्रारी इथेच संपतात.

चित्राच्या बाजूलाही असाच सापळा आहे. काही एडिटर चित्राचा कच्चा एच.२६४ प्रवाह वेगळा काढून देतात. त्यात फ्रेम रेटची माहिती असेलच असं नाही. एफएफएमपेगला ती सापडली नाही तर तो २५ धरतो. तुमचा व्हिडिओ २४ चा असेल तर चित्र ४ टक्क्यांनी जास्त वेगाने धावतं आणि तासाभरात आवाज दोन मिनिटांहून अधिक मागे राहतो. चित्र नेहमी एमपी४ किंवा एमओव्ही अशा डब्यातच काढा, मग त्यात आवाज नसला तरी चालेल. मी तर चित्राबरोबर साधा आवाजही राहू देते. तो नंतर टाकून द्यायचा असतो, पण ताडून बघायला उपयोगी पडतो.

एकत्र करताना काहीही पुन्हा एन्कोड होता कामा नये. एफएफएमपेगला दोन्ही फाइल द्या, पहिलीतून फक्त चित्र आणि दुसरीतून फक्त आवाज घ्यायला 'मॅप'ने सांगा, आणि कोडेकच्या जागी 'कॉपी' लिहा. वेबवर जाणारी फाइल असेल तर 'फास्टस्टार्ट'ही लावा, म्हणजे फाइलची अनुक्रमणिका पुढे येते आणि पूर्ण उतरायच्या आत ती वाजू लागते. तीन तासांच्या व्हिडिओला हे काम मिनिटभरात होतं. जास्त वेळ लागला तर कुठेतरी 'कॉपी' लिहायचं राहिलं आहे आणि चित्र पुन्हा एन्कोड होतंय. तसंच मॅप न लावता सोडलं तर एफएफएमपेग स्वतःच्या नियमाने आवाज निवडतो, आणि चित्राच्या फाइलमध्ये जुना आवाज असेल तर कधी कधी तोच निवडला जातो. मग बाहेरच्या एन्कोडरने काहीच फरक पडला नाही असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

झालेल्या फाइलची तपासणी अशी करा. ती परत एडिटरमध्ये मूळ टाइमलाइनच्या खाली आणून ठेवा आणि वेव्हफॉर्म मोठा करा. सुरुवातीजवळची एक टाळी किंवा एखादा कडक उच्चार निवडा, आणि शेवटाजवळचा तसाच दुसरा. दोन्ही ठिकाणचं अंतर मोजा. शीर्षकाच्या आधी एका फ्रेमची १ किलोहर्ट्‌झची टीप ठेवली तर हे आणखी सोपं जातं. चित्रपटाच्या ध्वनिकामात ती पहिल्या फ्रेमच्या बरोबर दोन सेकंद आधी ठेवतात. तुम्ही शेवटीही एक ठेवा आणि अंतिम फाइलमधून दोन्ही कापून टाका.

दोन्ही टोकांना अंतर सारखंच असेल तर ते सरकणं आहे. कारण एन्कोडरची भर किंवा एक्स्पोर्टची चुकलेली सुरुवात. आवाज तेवढ्याने मागे-पुढे केला की झालं: एफएफएमपेगमध्ये 'आयटीएस ऑफसेट', एमकेव्ही बनवत असाल तर एमकेव्हीमर्जमध्ये 'सिंक'. पुन्हा एन्कोड करायची गरज नाही. किती अंतर सहन होतं? आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या बीटी.१३५९ या शिफारशीप्रमाणे आवाज ४५ मिलिसेकंद आधी किंवा १२५ मिलिसेकंद उशिरा आला की माणसाला जाणवू लागतं. युरोपियन प्रसारकांची आर३७ शिफारस जास्त कडक आहे: ४० आधी, ६० नंतर. आवाज उशिरा येण्याची आपल्याला सवय असते, कारण दूरच्या माणसाचा आवाज तसाही उशिराच पोहोचतो. आधी येणारा आवाज मात्र लगेच खटकतो. म्हणून अॅपलचे ४४ मिलिसेकंद एकटे असते तर तुमच्या कानाला कदाचित कळलेही नसते. ते दुसऱ्या कशात तरी मिसळले की कळतात. उदाहरणार्थ, ब्लूटूथच्या हेडफोनवर तपासत असाल तर तो स्वतःच बराच उशीर करतो. सिंक तपासताना तारेचाच हेडफोन वापरा.

शेवटाकडे अंतर वाढत गेलेलं असेल तर ते घसरणं आहे, आणि ते मागे-पुढे करून कधीच सुटत नाही. तिथे आकडाच कारण सांगतो. तासाला ३.६ सेकंद वाढत असेल तर २४ आणि २३.९७६ यांची किंवा ३० आणि २९.९७ यांची गल्लत आहे. ४ टक्क्यांच्या आसपास असेल तर २४ आणि २५ ची. ९ टक्क्यांच्या आसपास असेल तर ४४.१ चा आवाज ४८ समजून वाजतोय किंवा उलट, आणि तेव्हा आवाजाची पट्टीही बदललेली ऐकू येईल. यातलं काहीच जुळत नसेल आणि अंतर मधेच वाढतं, मधेच कमी होतं असं दिसलं, तर मूळ चित्रीकरण फोनवरचं आहे का ते बघा. फोन बहुतेक वेळा बदलत्या फ्रेम रेटने चित्रीकरण करतात. अशा क्लिप एडिटरमध्ये आणण्याआधीच स्थिर फ्रेम रेटला आणाव्या लागतात. हा दोष बाहेरच्या एन्कोडरच्या माथी फार वेळा मारला जातो, आणि लोक एन्कोडर बदलत बसतात.

कृपा करून घसरणारा आवाज अंदाजाने ताणून बसवू नका. ताणल्याने सुरुवात आणि शेवट जुळतात, मधलं जुळेलच असं नाही, आणि टाळ्यांसारख्या आवाजावर ताणण्याचा परिणाम वाईट एन्कोडरपेक्षाही वाईट दिसतो. कारण शोधा, तिथे दुरुस्त करा, वेव्ह पुन्हा काढा.

५.१ असेल तर एवढं पाहा. वेव्हमध्ये वाहिन्यांचा क्रम डावी, उजवी, मधली, सबवूफर, मागची डावी, मागची उजवी असा असतो. एएसीच्या आत मधली आधी येते आणि सबवूफर शेवटी जातो. ऑपसचा क्रम तिसराच. फाइल एकसंध सहा वाहिन्यांची असेल आणि तिच्यात वाहिन्यांची नोंद नीट असेल तर एन्कोडर हे अदलाबदल स्वतः करतो. सहा सुट्या मोनो फाइल हाताने जोडल्या तर जबाबदारी तुमची. प्रत्येक वाहिनीवर तिचं नाव उच्चारलेली छोटी चाचणी फाइल एकदा करून ठेवा आणि प्रत्येक नव्या साखळीतून आधी ती जाऊ द्या. संवाद सबवूफरमधून येतोय हे स्टिरिओ हेडफोनवर कळतही नाही.

फाइल यूट्यूबवर जाणार असेल तर बाहेरच्या एन्कोडरचा विचार सोडून द्या. तिथे आलेला आवाज पुन्हा एन्कोड होतोच, त्यामुळे तुमचा एन्कोडर पहिल्या पिढीचा राहतो आणि ऐकणाऱ्यापर्यंत दुसऱ्या पिढीचा आवाज पोहोचतो. त्यांची स्वतःची शिफारस स्टिरिओसाठी ४८ किलोहर्ट्‌झ, ३८४ केबीपीएस एएसी अशी आहे. एवढ्या बिटरेटला तुमच्या एडिटरमधला एन्कोडरही पुरेसा आहे. १९२ वर अडकलेला असेल तर एमओव्हीमध्ये पीसीएम, म्हणजे न दाबलेला, आवाज भरून सरळ तीच फाइल चढवा. टाळ्यांसाठी हे सर्वांत चांगलं, कारण मग आवाज फक्त एकदाच चुरगळतो.

हाच मुद्दा तुमच्या पहिल्या रेंडरलाही लागू आहे. रेंडर झालेल्या एमपी४ मधला १२८ चा आवाज काढून तो चांगल्या एन्कोडरने २५६ ला पुन्हा एन्कोड केला असेल, तर गेलेलं काही परत आलेलं नाही. प्रश्नात 'आवाज सुधारला' असं आहे, म्हणजे तुम्ही टाइमलाइनवरूनच वेव्ह काढली असणार. तरी खात्री करून घ्या.

तुमच्या बाबतीत मी हे करेन. फाइल यूट्यूबसाठी नसून कुणाच्या हाती द्यायची आहे असं धरते. टाइमलाइनवरून ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट वेव्ह, टाळ्यांवर लिमिटर, क्यूएएसी १०९ ला आणि एम४ए, मग मॅप आणि कॉपीने जोड. त्यानंतर जुन्या आणि नव्या, दोन्ही फाइलमध्ये पहिल्या मिनिटातलं आणि पंचावन्नाव्या मिनिटातलं अंतर मोजा. जुन्या फाइलचे दोन्ही आकडे सारखे आणि ४४ मिलिसेकंदांच्या जवळपास असतील तर आधी तुम्ही डॉट एएसी जोडत होतात आणि आता ते गेलं असेल. नव्या फाइलमध्येही ते राहिलं असेल तर ज्या प्लेअरवर बघताय तो एडिट लिस्ट पाळत नाही. दुसऱ्या प्लेअरवर तीच फाइल बघा. दोन आकडे वेगळे असतील तर त्यांतला फरक, प्रोजेक्टचा फ्रेम रेट आणि मूळ क्लिप कशावर घेतल्या एवढं कळवा. तोवर ती वेव्ह पुसू नका. पुन्हा एन्कोड करावं लागलं तर तीच लागेल.